सुमित्राच्या आराखड्यातली एक ओळ

सुमित्रा गेल्याची बातमी मला मूल गावच्या बाजारात, एका मोबाइलच्या दुकानात कळली. दुकानदार आमच्या कॉलेजचा जुना विद्यार्थी. मी आत शिरलो तर तो डोळे पुसत होता. "तुमाले नाई मालूम, सर? वेलादीमॅडम गेल्या. सकाळीच, नागपूरले." माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? याला माझ्याआधी कसं कळलं! जिच्या शेजारी बसून मी नोकरीची सगळी वर्षं काढली, तिच्या मरणाची बातमी मला एका माजी विद्यार्थ्यानं द्यावी, आणि त्यानं माझ्याआधी रडूनही घ्यावं... दुःख मागून आलं. ते अजून गेलेलं नाही. पण पहिला आला तो हेवाच. सुमित्राच्या बाबतीत माझं नेहमी असंच व्हायचं.

आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो, गोंडपिपरीच्या बाजूच्या एका लहानशा कॉलेजात. मी मराठी शिकवायचो, ती रसायनशास्त्र. मी मूलचा, बोलण्यात पटाईत. ती एटापल्ली तालुक्यातली, सूरजागडच्या डोंगरांपलीकडच्या गावची. घरी माडिया बोलायची, मराठी तिला आश्रमशाळेत भेटलेली. स्टाफरूममध्ये ती फारसं बोलत नसे. स्नेहसंमेलन, पाहुण्यांचे सत्कार आणि दरवर्षीचा नियोजन आराखडा ही सगळी कामं माझ्याकडे होती. आराखडा मी फार सुंदर लिहायचो. 'गुणवत्तेची कास', 'सर्वांगीण विकास'... प्राचार्य खूश व्हायचे, संस्थेचे लोक माना डोलवायचे आणि आराखडा कपाटात जायचा. त्याचं पुढे काय होतं, असं कधी कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मग विज्ञान शाखेचे निकाल घसरत गेले. जंगलातल्या गावांतून येणारी मुलं पहिल्याच वर्षी नापास होत, धानाच्या हंगामात घरी जात ती परतच येत नसत. संस्थेत कुजबुज सुरू झाली की विज्ञान शाखा बंद करावी. प्राचार्यांनी मला तसा आराखडा लिहायला सांगितला. मी लिहिलाही. विज्ञानाच्या खोल्या कला शाखेला, प्रयोगशाळेच्या जागी सभागृह. सभागृहात मोठा रंगमंच, त्यावर माईक, आणि माईकपुढे कोण, ते लिहायची गरज नव्हती.

बैठकीत माझं वाचून झालं. तेव्हा सुमित्रा उठली. तिच्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. सगळ्यांना वाटलं, ही आता मुलांची बाजू घेऊन रडगाणं गाणार. ती म्हणाली, "निकालाच्या कागदावर नापास लिवलं हाये. पन कुठी नापास, हे कोणी पाह्यलंच नाई. मी एकेक प्रश्न पाह्यला." आणि तिनं गठ्ठा सोडला. गणित करायचं होतं तिथं मुलांनी केलेलं होतं, बहुतेकांचं बरोबर. 'कारणे द्या', 'स्पष्ट करा' म्हटलं तिथं पानं कोरी. प्रात्यक्षिकात जी मुलं मागे पडत होती, ती जवळजवळ सगळी लांबून एसटीनं येणारी. गाडी पोचायची तेव्हा पहिला तास संपलेला असायचा, आणि प्रात्यक्षिक पहिल्याच तासाला. "पोट्ट्याईले रसायन येते," ती म्हणाली, "लिवता येत नाई. अन् आपन सकाळी दरवाजा बंद करून बसून राह्यलो."

तिची मागणी साधी होती. प्रात्यक्षिकं दुपारी ठेवायची. विज्ञानाच्या मुलांना मराठीत नीट उत्तर कसं लिहायचं ते शिकवणारा एक तास ठेवायचा. आणि हे करून फरक पडतो का ते सहामाहीला पुन्हा तसंच, प्रश्नागणिक तपासायचं. प्राचार्यांनी विचारलं, मराठीचा तास घेणार कोण? तिनं माझ्याकडे पाहिलं. "वाढईसरांसारखं समजावून कोणी सांगत नाई."

म्हणजे माझा आराखडा पडला, आणि मी तिच्या आराखड्यातली एक ओळ झालो. त्यातून सगळ्यांसमोर माझं कौतुक करून! मला नाही म्हणायची सोयच तिनं ठेवली नाही.

मी तास घेतला, आणि तो चांगला घेतला. तिच्या योजनेतला माझा भाग तिच्या भागापेक्षा सरस ठरावा ही एकच जिद्द होती. मुलं आधी तोंडी सांगायची, त्यांच्या बोलीत, मग तेच कागदावर. एकदा एका मुलीनं मीठ पाण्यात का विरघळतं ते असं लिहिलं की मी वर्गात दोनदा वाचून दाखवलं. सहामाहीत कोरी पानं भरू लागली. संस्थेचे अध्यक्ष कॉलेजात आले तेव्हा मी नवा शर्ट घालून गेलो होतो. त्यांनी सुमित्राचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बाई, तुमी शाखा वाचवली." मी शेजारीच उभा होतो.

पण मला खरा हेवा वाटला तो त्यानंतरच्या बैठकीत. दुपारच्या प्रात्यक्षिकांमुळे लांबच्या मुलांचं भलं झालं होतं, पण वसतिगृहाच्या मुलींचे गुण उतरले होते. त्यांना दुपारी जेवण सोडून यावं लागत होतं. हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. सुमित्रानं स्वतःच ते मांडलं. "हे माझं चुकलं. वेळ पुन्हा बदलावी लागते." एवढं बोलून ती खाली बसली. कोणी हसलं नाही, कोणी टोमणा मारला नाही. मी इतकी वर्षं सुंदर आराखडे लिहिले, त्यात एकही चूक सापडणं शक्य नव्हतं, कारण ते कोणी तपासणारच नव्हतं. आणि ही बाई उभी राहून चुकलं म्हणते, आणि सगळ्यांचा तिच्यावरचा विश्वास आणखी वाढतो!

एकदा व्हरांड्यात तिनं सरळच विचारलं, "सर, तुमी मायावर जळून राह्यले का?"

"हो," मी म्हणालो.

ती मोकळी हसली. "जळा. पन तास नका सोडू."

आजार कळला तेव्हा फार उशीर झालेला होता. नागपूरला मी भेटायला गेलो तर तिच्या पलंगाभोवती मुलांची गर्दी. काही जण शिकून नोकरीला लागलेले, कोणी नर्स झालेली, कोणी प्रयोगशाळेत. मला दारातच थांबावं लागलं. आत गेलो तेव्हा ती थकली होती. म्हणाली, "बसा न सर, उभे काऊन?" मग डोळे मिटले. मी तिच्या शेजारी बसून राहिलो.

माती तिच्या गावीच दिली. पानगळीचे दिवस, वाटेवर मोहाची फुलं पडलेली. बायका तिच्या उशाशी बसून गात होत्या, माडियात. आमचे काही विद्यार्थीही त्यांच्यात बसले आणि गाऊ लागले. मला एक शब्द कळेना. आयुष्यभर शब्दांवर जगलेला मी एका झाडाखाली पाहुण्यासारखा उभा होतो. शेवटी एका मुलीला विचारलं, काय म्हणतात गं? ती म्हणाली, "सर, बाईले रस्ता सांगून राह्यले." तिला रस्ता सांगायलाही तिची माणसं होती. त्यातही मला जागा नव्हती.

आता निकालांचं काम माझ्याकडे आलंय, आणि तिची खोली पण. प्रयोगशाळेच्या बाजूची लहानशी खोली. तिनं टेबल दाराकडे तोंड करून लावलेलं आहे, आलेल्या मुलाला विचारावं न लागता आत येता यावं म्हणून. शिपायानं विचारलं, "टेबल फिरवू का, सर?" मी नको म्हटलं. मुलं दाराशी येतात, मला पाहतात, त्यांची नजर माझ्या मागे कोणाला तरी शोधते, आणि ती परत जातात. असे कित्येक दिवस गेले.

परवा वसतिगृहातली एक मुलगी आली. दाराशी थांबली नाही. सरळ येऊन बसली, उत्तरपत्रिका माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "सर, हे पाहा न जरा." आम्ही बराच वेळ बसलो. ती गेल्यावर मी घाईनं उठलो. ही गोष्ट आत्ताच्या आत्ता जाऊन सुमित्राला सांगावी, आणि एकदा तरी तिला माझ्यावर जळवावं, म्हणून निघालोही... दारापर्यंत गेलो.