यंदा कोणती भाषा?

भैरवी मुंडले नंदनवन वस्तीतून रोज स्कूटीने शहराबाहेरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला जायची. पहिल्या वर्षाला कोणती प्रोग्रामिंगची भाषा ठेवायची, यावरून एकदा बैठकीत तिची आणि विभागप्रमुख मार्तंड सरांची चांगलीच जुंपली.

"पाया सी भाषेनेच पक्का होतो. सगळीकडे तेच शिकवतात," सर म्हणाले.

"पण सर, पोरांना नोकऱ्या देणार कोण?" भैरवीने शहरातल्या सदर भागातली सॉफ्टवेअरची ऑफिसं पालथी घातली होती, जाहिराती चाळल्या होत्या. जिकडेतिकडे पीएचपी भाषा येणारेच हवे होते. तिचं म्हणणं सगळ्यांना पटलं. पहिल्या वर्षाला पीएचपी ठरली.

ती पोरं शेवटच्या वर्षाला आली, तोवर वारं फिरलं होतं. भरतीसाठी पुण्याची कंपनी आली, तिने पायथन विचारलं आणि जेवायलाही न थांबता निघून गेली. दुसरीला जावा हवी होती. सदरमधली बरीच ऑफिसं बंद पडली होती. उरलेल्यांत पोरांचं काम आता एआयच करत होतं.

हर्षित तिचा सगळ्यात कष्टाळू विद्यार्थी. त्याचे वडील गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या दुकानात नोकर. तो सरळ स्टाफरूममध्ये आला.

"मॅडम, तुम्ही सांगतलं तेच शिकलो मी. मंग चुकलो कुठं?"

भैरवीला मान वर करवेना. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटल्यावर ती पायथन शिकवायला लागली. पोरांच्या नोकऱ्यांसाठी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन केले, अक्षरशः हातापाया पडली. कोणी दाद दिली नाही. वर्गातली पोरं गळत गेली, एक दिवस हर्षितही आला नाही. फोन आईने उचलला.

"कोनाशी बोलत नाही जी तो. दार लावून बसून राहते."

भैरवी तशीच त्याच्या घरी गेली. बंद दाराशी उभी राहून हाका मारत राहिली. आईही विनवत होती, "उघड ना गा, मॅडम आल्या." बऱ्याच वेळाने कडी निघाली. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"आता कोनती शिकू, ते सांगा," तो म्हणाला. "पण या टायमाले पक्कं सांगा."

कॉलेजं एक सांगत होती, जाहिराती दुसरंच, आणि इंटरनेटवरच्या याद्या तिसरंच. भैरवीने तोंड उघडलं, पण नाव काही निघेना. तिथेच भिंतीला टेकून ती रडायला लागली. हर्षितनेच तिला पाणी आणून दिलं.

पुढच्या महिन्यात तो वडिलांसोबत दुकानात जायला लागला.

उन्हाळ्यात पुन्हा बैठक बसली. "मॅडम, यंदा कोणती?" प्राचार्यांनी विचारलं.

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली.

सगळ्यांनी मार्तंड सरांकडे पाहिलं. "आता सीचंही मला खात्रीने सांगता येत नाही," ते म्हणाले.