ग्रेन, ग्रॅम आणि एस्तेर

एस्तेरचा भाचा अकोल्याहून सकाळच्या गाडीने आला आणि उंबऱ्यातच म्हणाला, "मावशी, आत्या गेली." त्याला आत बसवलं, पाणी दिलं... पुढचं काही कानात शिरलंच नाही. महिना होत आला. अजून दुपारी काही घडलं की वाटतं, हे एस्तेरला सांगायला हवं.

एकोणीसशे चाळीसच्या सुमारास नगरला मिशनच्या दवाखान्यात आम्ही दोघी नर्सिंग शिकत होतो. मी शेतकऱ्याघरची, ती ख्रिस्ती मास्तरांची मुलगी. डॉक्टर औषध लिहायचे ग्रेन या जुन्या इंग्रजी वजनात, नवी पुस्तकं बोलायची ग्रॅममध्ये आणि मी रडकुंडीला यायची. मग एस्तेर मला विहिरीच्या पायऱ्यांवर न्यायची. सगळ्यांत वर किलो, मग हेक्टो, डेका. मधल्या पायरीवर ग्रॅम. खाली डेसी, सेंटी, मिली. "शकू, एक पायरी म्हणजे दहापट. उतरलीस की बिंदू उजवीकडे, चढलीस की डावीकडे. आता ग्रॅमवरून मिलीवर जा बघू!" मी तीन पायऱ्या उतरून ओरडायची, "एकाचे हजार!" वरून तिच्या टाळ्या ऐकू यायच्या. तसं शिकणं पुन्हा नाही झालं.

पुढे नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडच्या डोंगरातल्या दवाखान्यात आम्हाला एकत्र पाठवलं; राहायला एकच खोली, दोन खाटा. लढाईमुळे हिवतापावरचं क्विनीन मिळेनासं झालं होतं. कसाबसा एक नवा डबा आला, त्याच दिवशी एक बाई दहा वर्षांच्या तापलेल्या लेकीला पाठीवर घेऊन आली. डॉक्टरांची चिठ्ठी पाच ग्रेनची. आधीच्या गोळ्या एकेका ग्रेनच्या होत्या; नव्या डब्यावर ०.३ ग्रॅम लिहिलेलं. एस्तेर पुटपुटली, "ग्रेनचे पासष्ट मिलिग्रॅम, पाचाचे सव्वातीनशे... ही गोळी तीनशेची, जवळपास तेवढीच." तिने एकच गोळी काढली.

बाईचा चेहरा उतरला. "मागं पाच दिल्या हुत्या, बाई. गरिबाच्या लेकराला एकच व्हय?"

एस्तेर तिच्यापाशी जमिनीवर बसली. "मावशी, पायलीत शेर किती?"

"चार."

"मग चार शेर भात दिला काय, अन् पायलीभर दिला काय?"

बाई गोळीकडे बघत राहिली. "तेवढंच की... पर पोर वाचंल न्हवं?"

"मी हिच्याजवळच बसते."

आणि ती खरंच बसली, कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत. या नव्या पाच गोळ्या पोरीला सोसल्या नसत्या. काही दिवसांनी ती मुलगी आपल्या पायांनी घरी गेली.

माझं लग्न झालं, मी नगरला आले. एस्तेर तिथेच राहिली, एकटी. वर्षातून एकदा यायची, बोलत बसायची आणि निघताना म्हणायची, "तुझी खाट मी काढली नाही हं." पण संसारातून तिथे राहायला जाणं कधी जमलंच नाही.

परवा भाच्याबरोबर तिच्या खोलीवर गेले. दोन्ही खाटा होत्या. भिंतीवर तिचा आरसा होता, तिच्या बुटक्या अंगाच्या बेताने लावलेला. त्यात बघायला मला वाकावं लागलं. वाकले... आणि बराच वेळ तशीच राहिले.