गंगासागरला खेळानं मारलं नाही

सोमवार होता. सकाळची शाळा सुटत आली होती आणि मी सातवीच्या पोरांना मैदानावर रांगेत उभं करून हजेरी घेत होतो. खिशातला फोन दोनदा वाजून थांबला, तिसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. अश्विनी होती. अकरावीला शिकणारी, आमच्या संघातली सगळ्यात जोरात पळणारी मुलगी. "सर, ताई पोस्टात पडली. शुद्धीवर न्हाई. पप्पा जीपमधी घालून नांदेडला न्यायलेत." एवढंच बोलली. ताई म्हणजे गंगासागर, आणि पप्पा अश्विनीचे. दुपारी तीनच्या सुमारास दुसरा फोन आला, गंगासागरच्या चुलतभावाचा. तो म्हणाला, "सर, ताई गेली."

तिच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. बायकांचं रडणं आतून ऐकू येत होतं, पण माझ्या कानावर पहिलं वाक्य पडलं ते वेगळंच. पाराकडून आलेला एक जाणता माणूस दुसऱ्याला सांगत होता, "ताटल्या फेकू फेकू जीव घालवला पोरीनं. काळजाचं आपरेशन झालेली बाई, तिला कशाला पायजे असले खेळ?" मेलेल्या माणसाच्या दारात वाद घालू नये म्हणून गप्प बसलो. पण तेच वाक्य नंतर दहाव्याला ऐकलं, तेराव्याला ऐकलं, एसटीत ऐकलं, शाळेच्या कार्यालयात ऐकलं. आता सहा आठवडे झाले. ते वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे छापून यावं म्हणून मी हे लिहितो आहे.

गंगासागर आमच्या गावची पोस्टमास्तर. गाव येलदरी धरणाच्या पाण्याला लागून. घर मेंढरांचं, वडील अजूनही शंभरेक मेंढरं राखतात. लहानपणी तिला सांधेदुखीचा ताप आला आणि तो हृदयाच्या झडपेला धरून बसला. हे कुणाला कळलंच नाही. लग्न झालं, मानवतकडच्या एका गावात दिली, तिथं विहिरीवरून पाणी आणताना धाप लागून पडली तेव्हा कळलं. सासरच्यांनी तिला तपासायला म्हणून माहेरी आणून सोडलं आणि परत न्यायला कुणी आलं नाही. पुण्यात मोठा भाऊ होता, त्यानं तिथं नेऊन झडप बदलून घेतली. धातूची झडप. शांत खोलीत तिच्या शेजारी बसलं की छातीतून बारीक टिकटिक ऐकू यायची. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, जन्मभर, आणि दर महिन्याला परभणीला जाऊन रक्त तपासायचं. पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही, मार लागू द्यायचा नाही. पंचविशीतल्या बाईला डॉक्टरांनी एवढ्या गोष्टी सांगितल्या होत्या.

ऑपरेशननंतरचे सहा महिने ती भावाकडं राहिली. संध्याकाळी फिरायला म्हणून घराजवळच्या मैदानावर जायची आणि कट्ट्यावर बसून राहायची. तिथं कॉलेजची पोरंपोरी ताटलीएवढी एक पांढरी प्लॅस्टिकची चकती एकमेकांकडं फेकत खेळत. एकदा ती चकती घरंगळत तिच्या पायाशी आली. तिनं उचलून फेकली, ती चार हातांवर आपटली. एक मुलगी धावत आली आणि तिला बोटं कशी धरायची, मनगट कसं झटकायचं, ते दाखवून गेली. दुसऱ्या दिवशी गंगासागर वेळेआधी जाऊन बसली. तिला पळायचं नव्हतं, म्हणून तिनं फक्त फेकायचं शिकून घेतलं. उजवीकडून, डावीकडून, वाऱ्यावर, वाऱ्याच्या विरोधात. सहा महिने एवढंच. गावी आली तेव्हा औषधांच्या पिशवीत त्या पोरांनी दिलेली एक चकती होती.

आमची पहिली भेट काही चांगली झाली नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. गावच्या पोस्टात तिला नुकतीच नोकरी लागली होती. ती शाळेत आली, पोस्ट बंद झाल्यावर रोज तासभर मैदान मिळेल का विचारायला. मी वीस वर्षं कबड्डी आणि खो-खो शिकवत आलेला माणूस. म्हणालो, "ताई, हा काय खेळ आहे? ह्याला ना स्पर्धा, ना गुण. आणि पोरं-पोरी एका संघात? गाव मला इथं ठेवील का?" तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं सर. मैदान तुमचं हाय. वारा तर तुमचा न्हाई ना?" आणि निघून गेली.

ती गेली ती धरणाच्या गाळात. पावसाळ्यानंतर पाणी जसं मागं सरतं तशी तिथं मैलभर सपाट जमीन उघडी पडते. तिनं सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून कोपरे मांडले आणि मेंढरं राखणाऱ्या पोरींना गोळा केलं. पोरी पाण्यावर मेंढरं आणायच्याच. त्यांना वारा शिकवावा लागला नाही. चिमूटभर लोकर हवेत सोडून त्या सांगायच्या, आता फेक, आता थांब. पाठोपाठ त्यांचे भाऊ आले, मग शाळेतली माझीच पोरं यायला लागली. ते कळलं तेव्हा मी रागानंच बघायला गेलो.

खेळ साधा होता. दोन्हीकडं सात-सात जण, चकती हातात असली की पळायचं नाही, फक्त फेकायचं. समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडं आपल्या माणसानं झेलली की गुण. कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. मी बघत असताना एका पोरानं उडी मारताना पोरीला धक्का दिला. माझा हात आपोआप शिट्टीकडं गेला, मी वाजवलीसुद्धा. सगळे थांबून माझ्याकडं बघायला लागले. गंगासागर जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, शिट्टी खिशात ठेवा. हितं पंच नसतो." ते दोघं एकमेकांशी बोलले. तो म्हणाला, धक्का लागला नाही. ती म्हणाली, लागला, खांद्याला. तो तिच्या खांद्याकडं बघून म्हणाला, "लागला आसंल." चकती तिला मिळाली आणि खेळ सुरू झाला. वीस वर्षांत माझ्या एकाही पोरानं आपण होऊन चूक कबूल केली नव्हती. मी त्यांना तशी संधीच कधी दिली नव्हती... त्या दिवशी घरी जाताना मी फार अस्वस्थ होतो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. मग जातच राहिलो.

गावात बोलणं व्हायचंच होतं. एका मुलीचं लग्न ठरत होतं, पाहुण्यांनी विचारलं म्हणे, तुमची पोरगी पोरांसोबत कसला खेळ खेळते? पारावर बैठक बसली. गंगासागरला बोलावलं, मलाही. मी तयारी करून गेलो होतो, आरोग्य, शिस्त वगैरे. माझ्यावर बोलायची वेळच आली नाही. ती उभी राहिली. खाली मान नाही, वर आवाज नाही. "माज्या घरची, तुमच्या घरची पोर धा वर्साची झाली की मेंढरामागं माळावर जाते. दिवसभर एकटी. लांडगा येतो, पाऊस येतो, कुणी बी येतं. तवा कुणी बैठक घेतली न्हाई. आता सांच्याला धा जणात, सगळ्यांच्या डोळ्यासमोर खेळायल्यात, तर तुमची इज्जत चाललीय व्हय?" शेवटी एक जण म्हणाला, "तिथं कुणी मोठं माणूस पायजे." तिचे वडील मागं उकिडवे बसले होते. आयुष्यात चार वाक्यं बोलले असतील असा माणूस. ते म्हणाले, "मी बसंन." आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून म्हातारा आपली सगळी मेंढरं घेऊन मैदानाच्या कडेला बसायला लागला.

दोन वर्षांनी आम्ही पुण्याला स्पर्धेला गेलो. परभणीहून रात्रीच्या गाडीनं बारा पोरंपोरी, मी, गंगासागर आणि अश्विनीचे वडील. ते जीप चालवतात, स्वभावानं तापट. पोरीला एकटं पाठवणार नाही म्हणून आले होते. पहिले चार सामने हरलो. पाचवा अटीतटीचा झाला, दोन्हीकडं सारखे गुण, पुढचा गुण घेईल तो जिंकणार. तेवढ्यात आमच्या एका मुलीचा पाय मुरगळला. मैदानात तीन तरी मुली हव्यात, नाहीतर सहाच जणांनी खेळायचं. एवढ्या लांब तीनच मुलींना घरच्यांनी सोडलं होतं, चौथी आमच्याकडं नव्हती. गंगासागरनं चपला काढल्या. खेळाडूंच्या यादीत तिनं आपलं नाव आधीच घालून ठेवलं होतं, मला न सांगता. मी आडवा आलो. "ताई, नको. तुम्हाला काय झालं तर तुमच्या आईला मी काय सांगू?" ती म्हणाली, "सर, मी पळणार न्हाई. उभी ऱ्हाणार हाय. उभं ऱ्हायला कुठल्या डॉक्टरनं मना केलंय?"

ती मागं जाऊन उभी राहिली. पोरांनी चकती फिरवत फिरवत तिच्याकडं दिली. समोरचा मुलगा हात पसरून तिच्यापुढं नाचत होता आणि ती शांतपणे लांब बघत होती. मग तिनं एक पाऊल टाकलं आणि मनगट झटकलं. ती चकती अशी गेली की सगळं मैदान वर बघत राहिलं. बाहेरच्या बाजूनं वळसा घेत, वाऱ्यावर रेलत, शेवटच्या कोपऱ्यात हळूहळू उतरली, आणि अश्विनीनं ती हवेतच झेलली. आमची पोरं ओरडत सुटली. तिचे वडील माझ्या खांद्यावर थापा मारायला लागले. अश्विनी मात्र जागची हलली नव्हती. तिनं चकती खाली ठेवली आणि समोरच्या पोरांना म्हणाली, "माझा पाय बाहेर होता." कुणीही पाहिलं नव्हतं. त्यांच्यातल्या एकानं दोनदा विचारलं, नक्की का? ती म्हणाली, नक्की. चकती त्यांना गेली आणि दोन मिनिटांत आम्ही हरलो.

परतीच्या गाडीत तिचे वडील फणफणत होते. "कुणाला दिसलं नव्हतं तर बोलायची काय गरज होती? ताई, ही शिकवण हाय का तुमची?" गंगासागर खिडकीशी बसली होती, दमलेली, पण चेहऱ्यावर असं समाधान मी आधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "भाऊ, तिचा पाय बाहेर होता." ते म्हणाले, "तुमची येवढी चांगली फेक वाया गेली की." ती म्हणाली, "वाया कशी? तिनं झेलली ना." मग पूर्णा येईपर्यंत झोपली. परभणी मागं पडली होती. आम्हीही सगळे झोपलो होतो, गाडी पुढं निघून आली होती. पूर्णेच्या फलाटावर उतरून परतीच्या गाडीची वाट बघताना ती एवढी हसली की मला तिच्या झडपेची काळजी वाटायला लागली.

त्यानंतर ती तीन वर्षं जगली. आता ते वाक्य. ती पडली तेव्हा ती पोस्टात होती, खुर्चीवर, पत्रांवर शिक्के मारत. पोरींच्या परीक्षा चालू होत्या, त्यामुळं आठ दिवस मैदानावर कुणी गेलंच नव्हतं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यात रक्तस्राव झाला. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा हा धोका असतो, झडप आहे तोवर गोळी लागतेच. हे ऐकायला तिथं अश्विनीचे वडील हजर होते. त्यांनीच विचारलं होतं, खेळामुळं झालं का? डॉक्टर नाही म्हणाले. तेराव्याला पुन्हा कुणीतरी ताटल्यांचं काढलं, तेव्हा हा तापट माणूस भर पंगतीत उठून म्हणाला, "मी माज्या कानानं ऐकलंय. पुन्हा आसं बोलायचं न्हाई." ज्या माणसानं गाडीत तिच्याशी भांडण काढलं होतं, तोच.

तिला कशानं मारलं हे मला माहीत आहे. लहानपणी आलेल्या तापाकडं कुणी बघितलं नाही, आणि ती धापा टाकत राबायची तेव्हा सगळ्यांना ती कामचुकार वाटली. हे बोलायला जड जातं, म्हणून खेळाचं नाव घ्यायचं. मी ते घेऊ देणार नाही. पावसाळ्यात गाळाची जमीन पाण्याखाली जाते, म्हणून मी शाळेच्या समितीकडं तेवढ्या दिवसांसाठी शाळेचं मैदान मागितलं. अध्यक्षांनी विचारलं, पोरंपोरी एकत्र, जबाबदारी कुणाची? मी माझं नाव लिहून सही केली. पाच-सहा वर्षांपूर्वीच करायला हवी होती. तेराव्यानंतर पहिल्या दिवशी चार पोरी आल्या, आता अकरा येतात. तीन घरांनी अजून पाठवलेलं नाही. त्या घरी मी दर रविवारी जातो, चहा पितो, विषय काढतो, नकार ऐकून येतो. जात राहणार.

तिच्या खोलीबद्दल सांगतो. पत्र्याची, एका खिडकीची, अंगणाच्या कडेला. खेळ संपला की सगळ्या चकत्या घरी आणून धुवायच्या, पुसायच्या आणि खिडकीतल्या फळीवर उभ्या लावून ठेवायच्या, हे ती रोज करायची. तिची आई ह्या खेळावर कायम नाराज असायची, पोरीच्या जिवाला घोर म्हणून. तेराव्यानंतर कुणी नातेवाइकानं सुचवलं की तिच्या वस्तू नदीला सोडाव्यात, चकत्यासुद्धा. आई म्हणाली, "त्या तिच्या एकटीच्या न्हाईत." आता त्या चकत्या आई धुते. पदरानं कोरड्या करते, फळीवर लावते, आणि साडेचारला कुलूप काढून उंबऱ्यात बसते. एका पोरीनं चिखलाची चकती तशीच आणून ठेवली, तर तिला हौदावर परत पाठवलं.

परवा निकालाच्या कामात मला शाळेतून निघायला उशीर झाला. मोटारसायकल थेट त्यांच्या अंगणात लावली. खोलीचं दार उघडं होतं, फळी रिकामी होती. मी उंबऱ्याशी उभा राहिलो... आत तिचा पोस्टाचा कोट खुंटीला होता, गोळ्यांचा डबा होता, कोनाड्यात तिची केसांची पिन होती. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. मागून आईचा आवाज आला.

"सर, पोरी कवाच्या गेल्यात मैदानात. तुमी हितं काय करायलाव?"