डबीतली अन्नपूर्णा

बायपासनंतर ह्यांचं जेवण जे सुटलं, ते सुटलंच. दोन हजार सहा-सातची गोष्ट असेल. इंग्लंडमधल्या, रीडिंगच्या घरात मी मऊ भातापासून सूपपर्यंत सगळं करून पाहिलं. हे दोन घास चिवडायचे आणि ताट सरकवायचे. रिपोर्ट चांगले आहेत, धीर धरा, असं डॉक्टर म्हणायचे. ह्यांचा शर्ट मात्र अंगावर लोंबायला लागला होता. देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेवर मी मनातून रुसलेच होते. लग्नात आईनं दिलेली ही बोटभर पितळी मूर्ती. तिच्याखालचे तांदूळ बदलायचे आणि ह्यांना भूक लागू दे म्हणून मागायचं, हे मी रोज न चुकता करत होते.

हवापालट व्हावा म्हणून मुलानं आम्हाला साउदॅम्प्टनहून लांबच्या क्रूझवर धाडलं. अन्नपूर्णा तांदळासकट डबीत, डबी माझ्या पर्समध्ये. चिलीच्या उत्तरेला बोट लागली, तिथून वाळवंटातल्या एका खोऱ्याची सहल होती. किनाऱ्यावर धान्य नेऊ नका, असं बोटीवर बजावलं होतं. मी ह्यांच्या खिशातली बिस्किटंसुद्धा काढून ठेवली. पण देवीखालचे तांदूळ म्हणजे धान्य, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बंदरावर सामान तपासणाऱ्या बाईंनी डबी उघडली, तांदूळ कचऱ्यात ओतले आणि मूर्ती अदबीनं परत दिली. रिकाम्या डबीत अन्नपूर्णा बघून मला भीतीच वाटली.

"अहो, हे काही बरं झालं नाही."

"चल, बस थांबलीय," हे म्हणाले.

दोन्हीकडे गवताची काडी नसलेले डोंगर आणि मधे ऑलिव्हची, मक्याची हिरवी पट्टी. उतारांवर कुण्या काळच्या माणसांनी दगड मांडून प्राण्यांची रांग काढलेली. तिथल्या संग्रहालयात एका प्राचीन मृताशेजारी मक्याची कणसं ठेवलेली होती. वाटेत भूक लागेल म्हणून दिली असतील. मला ते बघवेना, मी बाहेर आले.

पुढे एका शेतावर खाणं होतं. मी मूर्ती टेबलावर काढून ठेवली होती. शेतकरीणबाई माझ्याच वयाच्या. ही कोण, असं त्यांनी गाइडकरवी विचारलं. "जेवायला घालते ती," मी म्हटलं. बाई आत गेल्या, उकडलेल्या मक्याच्या टपोऱ्या दाण्यांची थाळी घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघत, मी मान हलवल्यावर, दोन्ही हातांनी मूर्ती त्या दाण्यांत बसवली. तांदळात बसवतात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ह्यांनी कडेचा एक दाणा उचलला. मग आणखी एक. मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले.

"अगं, मीठ आहे का?"

किती महिन्यांनी ह्यांनी खायला काही मागितलं होतं. मला रडूच आलं. देवीभोवतीची थाळी ह्यांनी पार रिकामी केली. त्या बाईंना मी वाकून नमस्कार केला.

डबी तशीच रिकामी घेऊन बोटीवर परतले, आणि भीती वाटली नाही. आजही रोज तांदूळ बदलते, पण आता मागत नाही. ह्यांचं ताट वाढते आणि बाजूला होते.