मामांच्या डायरीतलं पान आणि राहूची शाळा

त्या सकाळी मी देवपूजा अर्धी सोडून उठलो. राहू गावच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आदल्या दिवशी पोस्टानं आली होती. ‘शाळेची जागा आप्पांच्या वडिलांनी दान केली’ हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. माझे मामा त्याच शाळेत मास्तर होते. जागा गावातल्या हुसेनभाईंनी दिली, हे मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकत आलो होतो. मामा रोज डायरी लिहीत. ते गेल्यावर त्या डायऱ्या स्मरणिकेसाठी म्हणून शाळेच्या समितीनं नेल्या होत्या.

तळेगाव ढमढेऱ्याहून जीप धरली. जाणार असाल तर बाजाराचा दिवस टाळा, नाहीतर टपावर बसावं लागेल. गळिताचा हंगाम होता. उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत भीमा ओलांडली. राहूत स्टँडवरची भजी गरम मिळाली, ती तशीच टाकून आप्पांचं घर गाठलं.

आप्पा समितीचे अध्यक्ष, त्यांचे वडील त्या काळचे गावपुढारी. चहा पाजला, डायऱ्याही दिल्या. मी पान काढून समोर धरलं: ‘मटकीला मोड आले नाहीत. हुसेनभाईंनी शाळेला जागा दिली. पुढारी म्हणाले, कागद नंतर करू. बैल लंगडतो.’ मधल्या दोन ओळींवर पेन्सिलीची फुली होती.

“ही फुली कुणी मारली?”

“घरगुती वही हाय ती पाव्हणं,” आप्पा हसले. “मटकीचं बी छापायचं का?”

“मग दुरुस्ती कधी छापणार?”

“शाळंला शंभर वर्सं झाल्यावर. तवा या.”

भोवती बसलेले समितीचे सगळे हसले. मटकी खरी, बैल खरा, तेवढा हुसेनभाईच खोटा? मी डायऱ्या पिशवीत घातल्या आणि उठलो.

हुसेनभाईंचे चिरंजीव रज्जाकभाई स्टँडजवळ सायकली दुरुस्त करतात. पान पाहून त्यांनी आधी हात पुसले, मग वडिलांच्या नावावर बोट ठेवलं.

“हे लोकांना दाखवू का?” मी विचारलं.

“वडलांचं नाव लावा म्हणत न्हाई मी,” ते म्हणाले. “पण दुसऱ्याचं तरी लावू नका म्हणावं. दाखवा.”

घरी आल्यावर आठवडाभर डायऱ्या देवघराशेजारी ठेवल्या. उगाच वैर कशाला, असं बायको म्हणाली. मलाही रोज तसंच वाटे. मग मामा आठवत. दिवसभर पोरांना शिकवून रात्री मटकीबद्दलसुद्धा खोटं न लिहिणारा माणूस.

स्मरणिकेच्या शेवटी शुभेच्छुकांची नावं आहेत, गावांसकट. आज पूजा पुरी केली, पानाच्या झेरॉक्स काढल्या आणि त्या प्रत्येकाला पोस्टानं पाठवल्या. पहिलं पाकीट आप्पांच्या नावाचं. पान सबंध आहे, मटकीसकट.