ग्रीस पुसलेलं रिव्हॉल्वर

नाईक व्यंकोजीराव घाटगे याच्या हातातल्या रिव्हॉल्वरची तीन चेंबर्स एकाच क्षणी उडाली. ठिकाण बंगळूरची फायरिंग रेंज, रविवारची सकाळ. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं.

व्यंकोजी चिकपेटच्या कापडवाल्या मराठी घरातला, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच. आमच्या लष्करी सेंटरवर तो रिक्रूटांना वेपन ट्रेनिंग द्यायचा. मी हवालदार, त्याच्याहून एक हुद्दा वर. काश्मीरमधल्या बटालियनला जायला त्याने अर्ज केला होता. पोस्टिंग निघालं होतं, मेडिकल बाकी होतं.

रिव्हॉल्वर एका निवृत्त मेजरसाहेबांचं. दीडशे वर्षांपूर्वीच्या नमुन्यावरून हौशी नेमबाजांसाठी इटलीत नव्याने बनवलेलं. त्याला काडतूस नव्हतं. चेंबरमध्ये सुटी दारू, वर शिशाची गोळी, तोंडावर ग्रीस. आम्ही रोज शस्त्रं हाताळणारी माणसं. तरी ते हातोहात फिरलं, असलं आधी कोणी हाताळलं नव्हतं.

"एका हाताने धर. डावा पाठीमागे," मेजरसाहेब म्हणाले. "याची रीत तशी आहे."

"सर."

साहेब टार्गेट पाहायला वळले. व्यंकोजीने चिंधी काढली आणि सगळं ग्रीस पुसलं. फायरिंगआधी शस्त्र कोरडं करायचं, हे रिक्रूटांना तोच शिकवायचा.

"किती तूप घातलंय, अण्णा," तो मला म्हणाला. "बंदूक आहे का पुरणाचं होळिगे?"

एका चेंबरची ज्वाळा शेजारच्या चेंबरात शिरू नये म्हणून ते ग्रीस असतं, हे आम्हाला नंतर कळलं.

"फायर," साहेब म्हणाले.

आवाज एकच झाला, पण फार मोठा. पांढऱ्या धुरात तो दिसेना.

"व्यंकोजी, रिपोर्ट," मी ओरडलो.

"हात आहे, अण्णा. स्वल्प थांबा."

धूर विरला. नळीखालची लोखंडी दांडी वाकली होती. नळी अजून टार्गेटवरच होती, जराही हललेली नव्हती. डावा हात पाठीमागे होता. आधाराला नळीखाली असता तर बोटं गेली असती. साहेबांनी रिव्हॉल्वर काढून घेतलं.

"पुसलंस?"

"पुसलं, सर."

साहेबांनी त्याचं एकेक बोट उघडून पाहिलं. मनगटावर ओरखडा होता, बाकी काही नाही.

मेडिकलला डॉक्टरांनी दोन्ही मुठी मिटायला, उघडायला लावल्या. "फिट."

"सरी, ठीक," व्यंकोजी म्हणाला, आणि बॅग भरायला गेला.

पुढच्या हिवाळ्यात कुपवाड्याजवळ एका घराची झडती घेताना त्याच्या सेक्शनवर गोळीबार झाला. एका जखमी जवानाला त्याने दोन्ही हातांनी ओढत बाहेर आणलं. दुसऱ्याला आणायला तो परत आत गेला. सेंटरला सिग्नल आला : नाईक घाटगे शहीद. बाहेर आणलेला जवान जगला.