मामांचा घसारा

माझ्या बायकोच्या मामांइतका सरळ माणूस अख्ख्या मावळात नसेल, आणि माझं डोकं इतकं फिरवणाराही दुसरा नसेल. देहूरोडच्या लष्करी डेपोत भांडाराच्या वह्या लिहिण्यात त्यांची हयात गेली. वस्तू वापरली की तिची किंमत दरसाल थोडी उतरवायची, याला तिथं घसारा म्हणत. निवृत्त होऊन आपल्या गावी, कान्ह्याला परतले ते हा घसारा बरोबर घेऊनच. दर मार्चअखेरीस मामा खडू घेऊन घरभर फिरतात आणि खुर्ची, मिक्सर, कपाट, सगळ्यांच्या पाठीवर नवी, कमी किंमत लिहितात. मी एकदा खुर्चीत जरा जोरात बसलो, तर म्हणाले, "दमानं, जावईबापू, एकशेचाळीसच राहिल्यात तिचे." मामींनी नवा मिक्सर मागितला की, "आजून साठ रुपये हायेत त्यात," हे ठरलेलं उत्तर. त्या मिक्सरात चटणी वाटताना मामी जे बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

इथवर मी हसून घेत होतो. पण गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाची झडप बिघडली, डॉक्टर म्हणाले लगेच बदला, आणि हा गृहस्थ काय म्हणाला? "सत्तरी गाटली मी. माजी किंमत उतरून एक रुपाया झाली. रुपायाच्या मालाला येवढी दुरुस्ती कुनी करत न्हाई." मामी तोंडाला पदर लावून आत गेल्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "पैसे मी भरतो, सावकाश फेडा!" मी ओरडलो. कुणाचं देणं बुडवणं मामांच्या रक्तातच नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "हप्ता किती?" मी रागाच्या भरातच सांगून टाकलं, महिन्याला पाच किलो इंद्रायणी तांदूळ, दहा वर्षं.

"धा? लय झाली."

"एक महिनासुद्धा कमी चालणार नाही!"

तेव्हा कुठे ते तयार झाले.

आता दर एक तारखेला मामा लोकलने आमच्याकडे लोणावळ्याला येतात, तांदूळ ठेवतात, वहीत माझी सही घेतात. परवा मात्र दोन पिशव्या घेऊन दारात उभे. "एक फुडच्या म्हयन्याची. म्हनलं, हाय तवर फेडून टाकावं." मी इतका भडकलो की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. एक पिशवी त्यांच्या हातात परत कोंबून मी म्हणालो, "ही पुढच्या महिन्यात आणायची. तुम्हीच!"

मामा पिशवी घेऊन निघाले. खिडकीतून पाहिलं तर स्टेशनच्या रस्त्यावर दर चार पावलांनी पिशवी खाली ठेवत होते. मी अनवाणीच धावलो, पिशवी हिसकावून घेतली आणि लोकलने त्यांच्याबरोबर कान्ह्यापर्यंत पोचवून आलो.